कॉम्प्युटर जुना झाला म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या ऑक्टोबरात सांगलीहून आत्याचा फोन आला. सकाळी कॉम्प्युटर लावला तर अख्खा पडदा व्यापून सूचना आली होती: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतो आहे. आत्या काळजीत होती. "अगं, दोन वर्षांपूर्वीच तू त्यात काहीतरी नवीन घालून दिलंस ना? तेव्हापासून कसा छान पळतोय. मग हा जुना कसा झाला?"

घराजवळच्या दुकानात तिने विचारलं होतं. तिथे उत्तर मिळालं, "आता हा भंगारात काढा, नवीन घ्या." हेच उत्तर तिला दोन वर्षांपूर्वीही मिळालं होतं. तेव्हा तिचा कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं घ्यायचा. आता तो अर्ध्या मिनिटात सुरू होतो, पण सल्ला तोच आहे.

आत्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. "जुना झाला" हा शब्द आपण दोन वेगळ्या आजारांना वापरतो. पहिला आजार संथपणाचा आणि दुसरा असुरक्षितपणाचा. पहिला आपल्या डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही. मुख्य म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. संथ कॉम्प्युटर पूर्ण सुरक्षित असू शकतो आणि आत्याच्यासारखा पळणारा कॉम्प्युटर उद्यापासून धोक्यात येऊ शकतो. हे दोन्ही वेगळे केले की खर्च कुठे करायचा, किती करायचा आणि कुठे अजिबात करायचा नाही, हे बरंच सोपं होतं.

## संथपणा: ओटा आणि माळा

कॉम्प्युटरच्या पेटीला आपल्याकडे सर्रास "सीपीयू" म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, पेटीच्या आत असतो आणि काडेपेटीपेक्षा फार मोठा नसतो. या लेखापुरते तीन भाग लक्षात ठेवले तरी पुरे: प्रोसेसर, रॅम आणि डिस्क.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती. रॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. आत्ता लागणाऱ्या वस्तू ओट्यावर मांडलेल्या असतात, काम संपलं की ओटा रिकामा होतो आणि वीज गेली की त्यावरचं सगळं पुसलं जातं. डिस्क म्हणजे माळा. वर्षभराचं धान्य, लोणच्याच्या बरण्या, सणाची भांडी, सगळं तिथे कायमचं राहतं.

आता समजा ओटा दोन फुटांचा आहे आणि घरात पुरणपोळीचा घाट घातलाय. जागा संपली की काय करणार? अर्धवट शिजलेलं पुरण माळ्यावर ठेवायचं, परात खाली घ्यायची, मग परात वर आणि पुरण खाली. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात कितीही चालो, तिचा सगळा वेळ शिडीवर जाणार. रॅम कमी पडली की विंडोज हेच करतं. ओट्यावरचा पसारा तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. आपल्याला दिसतं ते एवढंच की "हँग झालाय".

आणि माळ्याची शिडी किती सावकाश आहे, त्यावर उरलेलं सगळं अवलंबून असतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यात खरोखर फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांवरून सरकणारा एक हात असतो. डेस्कटॉपमधली डिस्क मिनिटाला साधारण ७,२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. ऐकायला वेग जबर वाटतो. पण हव्या त्या जागी हात सरकायला आणि तबकडीचा तो भाग हाताखाली यायला मिळून सुमारे १२-१३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला जेमतेम ८० वस्तू आणता येतात. विंडोज सुरू होताना त्याला असे छोटे तुकडे हजारोंनी लागतात. ४,००० तुकडे धरले तरी ५० सेकंद नुसती ये-जा करण्यात गेली. त्यात अँटिव्हायरस, अपडेट आणि फोटोंचं सॉफ्टवेअर याच शिडीसाठी रांगेत उभे असतात.

एसएसडी ही दुसऱ्या जातीची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळा साठा चिपमध्ये. ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. म्हणूनच हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की तोच जुना कॉम्प्युटर ओळखू येत नाही. आत्याच्या कॉम्प्युटरमध्ये दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं, शिवाय ४ जीबी रॅमची ८ केली. प्रोसेसरला हातही लावला नाही, कारण तो कधी आजारी नव्हताच. शिडीखाली उभा राहून तो वाट पाहत होता.

## पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटं

दुखणं नक्की कुठे आहे हे बघायला दुकानात जावं लागत नाही. कॉम्प्युटर रेंगाळत असेल तेव्हाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी दिसली तर "मोअर डिटेल्स" दाबा आणि "परफॉर्मन्स" या भागात जा. तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात.

डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू २० टक्क्यांवर निवांत, हे चित्र हार्ड डिस्कवाल्या घरात सगळ्यात जास्त दिसतं. त्याचं औषध एसएसडी. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. सीपीयूच सतत १०० टक्के असेल तर दोन शक्यता उरतात. एखादा प्रोग्राम बिघडून घुमत बसलाय, त्याचं नाव "प्रोसेसेस"मध्ये सगळ्यात वर दिसेल. नाहीतर प्रोसेसर खरंच अपुरा पडतोय, आणि मग त्या पेटीत पैसे घालण्यात अर्थ नाही.

तिसरी एक शक्यता लोक विसरतात: धूळ. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम वेग कमी करतो. पाच-सात वर्षं न उघडलेल्या पेटीतल्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गोधडी सापडते. दिवाळीच्या साफसफाईत ही पेटीही धरा. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून, मऊ ब्रशने झाडायचं. हे औषध फुकट आहे.

आणि एक अगदी छोटा भाग. शेजारच्या काकांनी एकदा "इंटरनेट बंद पडलंय" म्हणून बोलावलं. इंटरनेट नीट होतं, पण प्रत्येक वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणत होती. कोपऱ्यातल्या घड्याळात तारीख दहा वर्षं मागची होती. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर, नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ तोच सांभाळतो आणि काही वर्षांनी तो संपतो. तारीख चुकली की वेबसाइटची ओळखपत्रं कॉम्प्युटरला अवैध वाटतात, कारण त्याच्या लेखी ती अजून निघालेलीच नसतात. सेल बदलला, तारीख लावली, काम झालं. काका तोवर नव्या लॅपटॉपची जाहिरात कापून बसले होते.

## एसएसडी आणि रॅम घेताना कुठे फसगत होते

जुन्या डेस्कटॉपला किंवा लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी घ्या (साटा हे जोडणीच्या एका प्रकाराचं नाव). ती जवळपास कुठल्याही जुन्या मशीनला लागते. चिंचेच्या बोटुकासारखी लांबट एम.२ एसएसडी दिसायला एकच असली तरी आतून दोन प्रकारांची असते, साटा आणि एनव्हीएमई. तुमच्या बोर्डाला कुठली चालते हे न बघता घेतली तर परत करायला जावं लागतं. एनव्हीएमई कागदावर कित्येक पट वेगवान आहे हे खरं. पण हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, तसा फरक साध्या एसएसडीवरून तिच्यावर गेल्यावर घरच्या कामात जाणवत नाही. जुनी हार्ड डिस्क फेकू नका. चांगल्या स्थितीत असेल तर फोटो-व्हिडिओंची दुसरी प्रत ठेवायला ती वापरा.

रॅमच्या पिढ्या असतात: डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५. त्या एकमेकींच्या जागी बसतच नाहीत, खाचच वेगळ्या ठिकाणी असते. त्यामुळे जुनी पट्टी काढून दुकानात घेऊन जाणं सगळ्यात बरं. डीडीआर-३ च्या बाबतीत एक सापळा आहे. "फक्त एएमडी बोर्डसाठी" असलेल्या स्वस्त पट्ट्या बाजारात मिळतात. इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत, आणि ही अट वेष्टनावर बारीक अक्षरांत असते.

रॅमच्या भावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वर्षानुवर्षं आपल्याला सवय लागली होती की थांबलं तर हे भाग स्वस्त होतात. २०२५ च्या उत्तरार्धात उलटं झालं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची एवढी मागणी केली की चिप कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि घरगुती रॅमचे भाव वेगाने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला "क्रुशियल" हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या मशीनला रॅम टाकायचा भाव आज विचारा, गेल्या वर्षीचा आकडा डोक्यात धरू नका. माझं मत असं आहे: दोन्हींसाठी पैसे नसतील तर आधी एसएसडी घ्या. ओटा लहान असला तरी शिडी जलद झाली की पुष्कळ निभावतं.

काही मशीनमध्ये मात्र हे काहीच करता येत नाही. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठा असलेले छोटे स्वस्त लॅपटॉप काही वर्षांपूर्वी भरपूर खपले. त्यांत दोन्ही गोष्टी बोर्डावर डाक देऊन पक्क्या केलेल्या असतात. विंडोजचं एक मोठं अपडेट उतरवायलाही त्यांत जागा उरत नाही. त्यांच्यावर खर्च करू नका.

## आता दुसरा आजार: सपोर्ट संपला म्हणजे काय?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. तेव्हापासून दर महिन्याला मायक्रोसॉफ्ट त्यातल्या सापडलेल्या भेगा बुजवून पाठवत असे. या डागडुजीला पॅच म्हणतात. सपोर्ट संपला म्हणजे ती मोफत डागडुजी थांबली. कॉम्प्युटर बंद पडत नाही, फायली जात नाहीत, इंटरनेटही चालतं. पण नव्या भेगा आता उघड्याच राहतात.

यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. विंडोज १० आणि ११ यांचा पाया बराचसा एकच आहे. विंडोज ११ मध्ये एखादी भेग बुजवली की ती दुरुस्ती सगळ्या जगाला मिळते, चोरांनाही. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा प्रोग्राम शेजारी ठेवला की भेग नेमकी कुठे होती ते जाणकाराला कळतं. मग त्याने तीच भेग विंडोज १० मध्ये शोधायची, जिथे ती कोणी बुजवलेली नाही. वाड्याच्या एका भिंतीला गिलावा केला की सारख्याच बांधणीच्या दुसऱ्या भिंतीत पोकळी कुठे असेल ते गवंड्याला कळतं, तसंच हे. म्हणून सपोर्ट संपलेली प्रणाली पहिल्या दिवशी फारशी धोक्यात नसते, पण दर महिन्याला धोका साठत जातो.

## "इतक्या जणांचं काही होत नाही, माझंच काय होणार?"

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भेगेवर पॅच दिला. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे २०१७ ला, त्याच भेगेतून "वॉनाक्राय" पसरला. फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. दीडशेच्या आसपास देशांमधले लाखो कॉम्प्युटर त्यात सापडले. त्यांतल्या बहुतेकांसाठी पॅच उपलब्ध होता, तो घातलाच नव्हता. दीड महिन्याने, २७ जूनला, "नॉटपेट्या" आला. पसरण्याच्या त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट हीच भेग होती. त्याचा फटका आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरालाही बसला होता, तिथल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

या दोन्हींमध्ये कोणी बसून "आज सांगलीच्या कॉम्प्युटरवर हल्ला करू" असं ठरवलेलं नव्हतं. असे प्रोग्राम जगभरातली दारं आपोआप ढकलून बघतात आणि उघडं सापडेल तिथे शिरतात.

## "पण अँटिव्हायरस आहे की"

आहे, आणि तो असू द्या. विंडोजमधल्या डिफेंडरला नव्या चोरांची ओळख पटवून देणारी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. पण अँटिव्हायरस म्हणजे सोसायटीचा वॉचमन. तो ओळखीच्या चोराला फाटकावर अडवतो. मागच्या खिडकीचा गज तुटला असेल तर तो बसवणं त्याचं काम नाही.

## "माझ्या कॉम्प्युटरवर चोरण्यासारखं आहे काय?"

आत्यानेही हेच विचारलं. मी तिला विचारलं, तू त्यावर करतेस काय? नेटबँकिंग. आयकराचं विवरणपत्र. सोसायटीचा हिशेब. शेताचा सातबारा काढणं. कॅनडातल्या मुलाशी बोलणं. आणि आधार, पॅन व पासबुक स्कॅन करून "महत्त्वाचे" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवणं. यादी संपेपर्यंत तिचा आवाज बदलला होता.

त्याउलट तुमचा जुना कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेलाच नसेल, नातवंडांचं टायपिंग आणि जुनी गाणी एवढाच त्याचा उपयोग असेल, तर त्याला विंडोज १० काय आणि विंडोज ७ काय, खुशाल चालू द्या.

## मग विंडोज ११ का घेत नाही?

अनेकांना पडद्यावर उत्तर मिळतं, "तुमचा पीसी पात्र नाही." यामागे मुख्यतः दोन अटी आहेत.

पहिली अट टीपीएम २.० ची. टीपीएम म्हणजे कॉम्प्युटरमधलं छोटं लॉकर. गुप्त किल्ल्या त्यात राहतात आणि तिथेच वापरल्या जातात, बाहेर काढून कोणाला दिल्या जात नाहीत. साधारण २०१६ नंतरच्या बऱ्याच बोर्डांमध्ये हे लॉकर असतं, फक्त बंद करून ठेवलेलं असतं. बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या, सेटिंगमध्ये इंटेलवाल्यांना ते "पीटीटी" आणि एएमडीवाल्यांना "एफटीपीएम" या नावाने सापडतं. ते चालू केलं की काही "अपात्र" कॉम्प्युटर तिथल्या तिथे पात्र ठरतात. नवीन मशीन घेण्याआधी हे एकदा बघाच. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधली डिस्कला कुलूप लावायची सोय) कुलूपबंद असेल तर मात्र त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

दुसरी अट प्रोसेसरच्या पिढीची, आणि तिच्यावर अधिकृत उपाय नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढे लागतो, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा. एएमडीचा बहुतांशी रायझन २००० मालिकेपासून. पिढी नावातच असते. आय-५ च्या पुढे ७४०० असेल तर सातवी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. आत्याचा आय-३ ७१००. एका पिढीने हुकला.

मला ही रेघ पटत नाही, ते स्पष्टच सांगते. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचं आणि स्थिरतेचं कारण दिलं आहे आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण सातव्या पिढीचा प्रोसेसर घरच्या कामाला आजही ठणठणीत आहे, आणि असे चालते कॉम्प्युटर केवळ यादीत नाव नाही म्हणून भंगाराच्या वाटेला लागताहेत.

## उरलेल्या वाटा

सगळ्यात सोपी वाट मुदतवाढीची. तिला ईएसयू म्हणतात. घरगुती विंडोज १० वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे पॅच मिळत राहतील अशी ही सोय आहे. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. आपल्या सेटिंग्ज त्या खात्यात साठवायला परवानगी दिली तर पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्ड्स या बक्षीस योजनेतले १,००० पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलरच्या आसपास रक्कम, असेही मार्ग आहेत. आत्याची नोंदणी मी फोनवर बोलत बोलत वीस मिनिटांत करून घेतली. ही सोय मुदतीची आहे, पण नवं मशीन घाईगर्दीत घेण्यापेक्षा ती वापरून नीट विचार करायला वेळ मिळतो.

अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, आणि तसं करून देणारे पुष्कळ आहेत. चालतंही. पण अशा कॉम्प्युटरला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ च्या आवृत्तीनंतर फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही, हा अनुभव लोकांनी घेतलाच आहे. स्वतः खटपट करणाऱ्याने स्वतःच्या मशीनवर करावं. दुसऱ्या गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर करू नये. आणि "विंडोज टाकून देतो" म्हणणारा माणूस आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगत असेल, तर तिथेच थांबा. चोरीचं विंडोज चालू करणाऱ्या प्रोग्रामांतून काय काय आत येतं त्याला धरबंध नाही, आणि मग सुरक्षेसाठी केलेला सगळा खटाटोप वाया जातो.

तिसरी वाट लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, आणि तिच्याबद्दलची भीती खरंच अनाठायी आहे. लिनक्स मिंट नावाचा अवतार दिसायला विंडोजसारखाच आहे आणि फुकट आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, लिबरऑफिस सगळं चालतं. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, फोनेटिकही आहे. मुलांचे सीईटीचे अर्ज भरायला तरी दुसरं काय लागतं, ब्राउझरच ना?

पण कुठे अडतं तेही ऐका. टॅलीला विंडोज लागतं. पेजमेकर आणि श्रीलिपीवर वर्षानुवर्षांच्या फायली असलेल्या डीटीपीवाल्यांना लिनक्सवर जाणं परवडणार नाही. डिजिटल सहीच्या टोकनसाठी कधी कधी बरीच खटपट करावी लागते. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात, काही जुने लेझर प्रिंटर रडवतात. घरातल्या ज्या एका कामाशिवाय चालणारच नाही, ते काम पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये आधी करून बघा. ते झालं तर पुढे जा.

## नवं, की कोणी वापरलेलं?

बदलायचंच ठरलं तर थेट नव्या डब्याकडे जाऊ नका. मोठ्या कंपन्या आपली मशीन काही वर्षांनी सगळी एकदम बदलतात. ती तपासून, साफ करून पुन्हा विकली जातात, त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत किंवा तुमच्या जिल्ह्याच्या गावी ओळखीच्या दुकानात आठव्या ते दहाव्या पिढीचे ऑफिसवाले डेस्कटॉप विचारा. भक्कम बांधणी, विंडोज ११ ला पात्र, आणि बहुतेकांत खरं विंडोज. लिहून घ्यायच्या गोष्टी तीनच: प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, एसएसडी आहे का, आणि बिलावर किमान सहा महिन्यांची वॉरंटी. लॅपटॉप असेल तर बॅटरी फुगलेली नाही ना, हे तळहातावर ठेवून बघा.

पैशाचा माझा स्वतःचा हिशेब असा आहे. अशा रिफर्बिश्ड मशीनची जी किंमत सांगितली जाईल, तिच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त खर्च जुन्या पेटीत करायचा नाही. त्याच्या आत एसएसडी आणि रॅम बसत असेल आणि सुरक्षेचा प्रश्न वरच्या कुठल्या तरी वाटेने सुटत असेल, तर जुन्याला जगवा. पॉवर सप्लाय किंवा बोर्डच गेला असेल तर त्यामागे धावू नका, कारण एक भाग बदलला की दुसरा रांगेत उभाच असतो.

"नवीन घेतला की विजेचं बिल वाचेल" असं दुकानात ऐकायला मिळतं. जुना डेस्कटॉप ७० वॅट खातो आणि नवा मिनी पीसी २० वॅट, असं धरा. रोज चार तासांच्या वापराला वर्षाला ७३ युनिटचा फरक पडतो. युनिटला १० रुपये धरले तर ७३० रुपये. वाचतात, पण त्यासाठी नवीन मशीन घ्यावं इतके नव्हे.

## बदलण्याआधी आणि बदलल्यावर

एसएसडी टाकायची असो, लिनक्स बसवायचं असो की मशीन विकायचं असो, आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. हार्ड डिस्क जाण्याआधी बरेचदा टकटक आवाज करून इशारा देते, एसएसडी बहुधा काही न सांगता जाते.

जुनं मशीन घराबाहेर देताना डिस्क नुसती "डिलीट" करून देऊ नका. पुसलेल्या फायली साध्या सॉफ्टवेअरने परत मिळतात. विंडोजच्या "रीसेट धिस पीसी" मध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय आहे, तो निवडा, त्याला काही तास लागू द्या. नाहीतर डिस्क काढून घरीच ठेवा. आणि पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. जुन्या बोर्डांच्या सांध्यांमध्ये शिसं असू शकतं, तारा जाळून तांबं काढताना निघणारा धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची नावं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेली असतात. त्याआधी गावातल्या शाळेत एकदा विचारा. एसएसडी आणि मिंट घातलेली आठ वर्षं जुनी पेटी मुलांना टायपिंग शिकायला उत्तम चालते.

आत्याचा कॉम्प्युटर ऑक्टोबर २०२६ पर्यंत तसाच राहील. दिवाळीत गेले तेव्हा मी तिला पेनड्राइव्हवर मिंट दाखवलं. तिने मुलाला व्हिडिओ कॉल लावला, बँकेचं पान उघडलं, मराठीत चार ओळी टाइप केल्या. प्रिंटर लागला नाही. तो कसा चालवायचा ते मी शोधते आहे. तो जमला तर तीच पेटी पुढची काही वर्षं तिच्या टेबलावर राहील.